मागील बाकी ४,२९,४८,४२२.९६: ऊसबिलाच्या प्रोग्राममधल्या पूर्णांकांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

उजनीचं पाणी आलं तसा सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला. उसामागे कारखाने आले आणि कारखान्यांमागे शहरात त्यांना सॉफ्टवेअर लिहून देणारी चार-पाच माणसांची ऑफिसं आली. हे प्रकरण अशाच एका कारखान्याचं आणि सात रस्त्याजवळच्या अशाच एका ऑफिसचं. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत, बाइटांचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.

कारखान्याचा ऊसबिलाचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला. त्याचा पहिला अवतार डॉसवर, टर्बो सीमध्ये. त्या कंपायलरमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार, दोन बाइटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. वजनकाट्यावरच्या पावत्या हंगामात त्याहून कितीतरी जास्त होतात. म्हणून तेव्हाच्या माणसानं ३२,००० झाले की नवी मालिका सुरू करायची पद्धत पाडली. टर्बो सी कधीच गेलं, पण काट्यावर आजही ३२,००० ला मालिका बदलते. का, ते तिथल्या कुणालाच सांगता येत नाही.

पुढे प्रोग्राम विंडोजवर आला, व्हिज्युअल सी++ ६ मध्ये. तिथे इंटही चार बाइटांचा आणि लाँग हा पूर्णांकाचा दुसरा प्रकारही चार बाइटांचा. डेटाबेसशी बोलणं ओडीबीसीतून, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातल्या ठरीव दुव्यातून. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवलेली. हा निर्णय शहाणपणाचा होता आणि या सगळ्या प्रकरणात तो एकदाही आड आला नाही.

मग परवान्यांचा खर्च वाचवायचं ठरलं. नवा सर्व्हर ६४ बिटांच्या लिनक्सवर, डेटाबेस पोस्टग्रेस, बिलाचा प्रोग्राम जीसीसी या कंपायलरवर पुन्हा कंपाइल करायचा. वजनकाट्याचा संगणक तेवढा विंडोजवरच राहणार होता. काम मेमध्ये, गाळप संपल्यावर सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोळी पडणार आणि ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, त्यामुळे मुदत पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. चाचणीची बिलं चुकायला लागली तेव्हा तपासणीसाठी मला बोलावलं गेलं.

अडचण

चाचणीसाठी जानेवारीतला, गड्ड्याच्या यात्रेचा पंधरवडा घेतला होता. जुन्या प्रोग्राममधून निघालेली ४,८०० च्या आसपास बिलं हाताशी होती. तीच नव्यातून काढून आकडे जुळवायचे.

सुरुवातीला काट्याकडून येणारी फाइलच वाचता येईना. पहिल्या नोंदीची सुरुवात तेवढी बरी, पुढे सगळा कचरा. यात फार वेळ गेला नाही. काट्याचा प्रोग्राम स्ट्रक्चर, म्हणजे एका नोंदीची सगळी फील्डं एकत्र, जसंच्या तसं फाइलमध्ये लिहायचा आणि त्यात लाँगची तीन फील्डं होती. विंडोजवर लाँग चार बाइटांचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ. लिहिणारा एका मापानं लिहितोय आणि वाचणारा दुसऱ्या मापानं वाचतोय. ६४ बिटांचं विंडोज घेतलं तरी तिथला लाँग चारच बाइटांचा राहतो, हे अनेकांना माहीत नसतं. मायक्रोसॉफ्टनं तो मुद्दाम तसा ठेवला, युनिक्सच्या जगानं तो आठ केला.

खरी खळबळ बिलं छापल्यावर उडाली. एका शेतकऱ्याच्या बिलावर मागील बाकी आली ४,२९,४८,४२२.९६ रुपये. दुसऱ्याच्या बिलावर चार कोटी एकोणतीस लाख आणि वर काही हजार. असे शंभर-सव्वाशे शेतकरी निघाले. शेतकी अधिकाऱ्यांनी कागद हातात घेऊन विचारलं, "ह्यो माणूस कारखानाच विकत घेतोय की काय?" हसणं झालं, पण ऑफिसच्या मालकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्याच छपाईत आणखी एक आकडा होता. शेवटच्या पानावर, बेरजेच्या ओळीत, जळीत ऊस कपात: वजा ४१.२६. त्या पंधरवड्यात जळालेला ऊस आलेलाच नव्हता, म्हणजे तिथे शून्य हवं होतं. त्या दिवशी त्याच्याकडे फक्त चीफ अकाउंटंटचं लक्ष गेलं. प्रोग्राम लिनक्सवर आणणाऱ्या तरुण प्रोग्रामरनं त्यांना सांगितलं, "साहेब, राउंडिंग असेल."

मोठा आकडा

चार कोटी एकोणतीस लाखांचं कोडं सोपं निघालं, कारण चुकलेले सगळे आकडे एकाच संख्येच्या किंचित खाली होते. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. इतके पैसे म्हणजे ४,२९,४९,६७२.९६ रुपये. त्यातून बिलावरचे ४,२९,४८,४२२.९६ वजा केले की उरतात १,२५०. त्या शेतकऱ्याची खरी मागील बाकी होती वजा १,२५० रुपये. बेण्याची उचल जास्त झाली होती, ऊस कमी आला होता आणि कारखान्याचंच येणं त्याच्याकडे राहिलं होतं. चुकलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची बाकी अशीच उणे होती. ज्यांची बाकी अधिक होती त्यांचा आकडा पैशापर्यंत बरोबर.

कोडमध्ये मागील बाकीचं व्हेरिएबल लाँग होतं आणि ओडीबीसीला ते एसक्यूएल-सी-लाँग या नावानं बांधलं होतं. नावात लाँग आहे म्हणून सी भाषेतला लाँगच असणार असं कुणालाही वाटेल. पण ओडीबीसीच्या व्याख्येत हा प्रकार कायम चार बाइटांचा, मग कंपायलर कोणताही असो. ड्रायव्हरनं, म्हणजे डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भागानं, आठ बाइटांच्या जागेत खालचे चार बाइट लिहिले. वरचे चार प्रोग्रामनं सुरुवातीलाच शून्य केले होते, ते तसेच राहिले. अधिक संख्येला त्यानं फरक पडत नाही. उणे संख्येचं चिन्ह मात्र वरच्या बाइटांपर्यंत पोहोचावं लागतं. ते पोहोचलं नाही आणि वजा साडेबाराशेचे चार कोटी झाले.

जीसीसीनं हटकलं का नाही? कारण ओडीबीसी ही जागा व्हॉइड पॉइंटर, म्हणजे प्रकार न सांगितलेला पत्ता, म्हणून घेतं. तिथे कशाचाही पत्ता दिला तरी कंपायलरची हरकत नसते. आकार काय आहे हे प्रोग्रामर तोंडी सांगतो आणि ड्रायव्हर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

एकेचाळीस रुपये सव्वीस पैसे

पहिला निर्णयाचा क्षण इथे आला. मागील बाकीचं व्हेरिएबल चार बाइटांचं केलं, बिलं पुन्हा काढली, सव्वाशे शेतकरी जागेवर आले. ऑफिसला वाटलं काम झालं. मालकांना पुढच्या पंधरवड्यांची बिलं काढून मोकळं व्हायचं होतं. चीफ अकाउंटंट मात्र सही करायला तयार नव्हते.

"राउंडिंग पैशाच्या खाली होतं, बाळा," ते त्या प्रोग्रामरला म्हणाले. "तुम्ही म्हणता पैसे पूर्णांकात ठेवलेत. मग राउंड काय केलं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यांनी मग जुन्या हिशेबनिसाला शोभेल असं काम केलं. वजा एक पैसा जळीत कपात कोणाकोणाच्या नावावर आहे ती यादी काढायला लावली. नावं निघाली ४,१२६. हे लोक कोण, तर ज्यांनी बेण्याची उचल घेतलेलीच नाही असे. त्यांच्या बेणे कपातीच्या रकान्यात शून्य नव्हतं, तो रकाना रिकामाच होता. डेटाबेसच्या भाषेत नल.

यादी समोर आल्यावर दोष कुठे शोधायचा ते कळलं. ओडीबीसी प्रत्येक रकान्याबरोबर एक दर्शक आकडा देतं: रकाना भरलेला असेल तर त्याची लांबी, नल असेल तर वजा एक. जुन्या कोडमध्ये हा दर्शक एसक्यूएल-इंटिजर प्रकारचा, म्हणजे चार बाइटांचा होता. ३२ बिटांच्या काळात ते चालून गेलं. ओडीबीसीला तिथे हवा असतो एसक्यूएल-लेन, आणि ६४ बिटांच्या प्रोग्राममध्ये तो आठ बाइटांचा होतो. ड्रायव्हर आठ बाइट लिहिणार, जागा चारची, उरलेले चार शेजाऱ्याच्या अंगावर. स्ट्रक्चरमध्ये बेणे कपातीच्या दर्शकाला लागून कोण बसलं होतं, तर जळीत कपात. क्वेरीत ती आधी वाचली जायची, नंतर बेण्याचा दर्शक येऊन तिला पुसायचा. बेणे नल असेल तर तिथे वजा एक, भरलेलं असेल तर शून्य.

म्हणजे जळीत कपात कुणाच्याच बिलात कधीच लागणार नव्हती. जानेवारीत ऊस जळालेला नसल्यानं नुकसान ४१ रुपयांचं दिसलं. त्याच दिवशी मार्चअखेरचा पंधरवडा काढून पाहिला. हंगामाच्या शेवटी ऊन वाढतं, तोडणीच्या टोळ्या गावाकडे निघतात, फडात उभा ऊस जळतो किंवा जाळला जातो. त्या पंधरवड्यात जळीत कपातीचा सगळा स्तंभ पुसला गेला होता. फरक लाखांत होता, आणि तो शेतकऱ्यांना जास्तीचा दिला गेला असता. दिलेले पैसे कारखान्यानं परत मागायचे म्हणजे काय होतं, हे जिल्ह्यातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

माझ्या मते या प्रकरणातला खरा धोका हा दुसरा दोष होता. चार कोटींची बाकी कुठल्याही कारकुनाच्या नजरेतून सुटली नसती, बँकेत तर गेलीच नसती. शून्य मात्र सगळ्या टेबलांवरून बिनबोभाट पुढे सरकतं.

इथे जीसीसीनं इशारा दिला होता. पॉइंटरचा प्रकार जुळत नाही असं त्यानं प्रत्येक ओळीवर सांगितलं होतं. पण इशारे शेकड्यांनी होते, आणि नेटवर सापडलेल्या सल्ल्याप्रमाणे तरुण प्रोग्रामरनं सरसकट कास्ट घालून, म्हणजे प्रकार हाच आहे असं कंपायलरला बळंच सांगून, ते बंद केले. त्याला दोष देणं सोपं आहे. आठवड्यात कंपाइल करून दाखव असं सांगितलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? मेमरी तपासणारी साधनंही गप्प राहिली. व्हॅलग्राइंड आणि अॅड्रेस सॅनिटायझर वाटप झालेल्या जागेबाहेर गेल्यावर ओरडतात. एकाच स्ट्रक्चरमध्ये एका फील्डनं दुसऱ्यावर पाय दिला तर त्यांना ते कळत नाही.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय मालकांचा: लिनक्सवरच ३२ बिटांचा प्रोग्राम बांधायचा. जीसीसीला तसा स्विच आहे. लाँग पुन्हा चार बाइटांचा, एसक्यूएल-लेनही चारचा, एका दिवसात सगळं गप्प. यावर बराच वाद झाला आणि तो पर्याय वाटतो तितका वाईट नव्हता. पण त्यासाठी ओडीबीसीची आणि ड्रायव्हरची ३२ बिटांची आवृत्तीही हवी आणि लिनक्सची वितरणं ती एकेक करून सोडत चालली आहेत. शिवाय जुन्या पद्धतीच्या ३२ बिटांच्या वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. पंचवीस वर्षं जुना प्रोग्राम चालवणाऱ्या कारखान्याला २०३८ लांबचं वाटत नाही.

दुसरा: सगळ्या कोडमध्ये लाँग शोधून त्याजागी इंट घालायचा. हा मी लगेच बाजूला ठेवायला सांगितला. फाइलमधली जागा सांगणारं एफटेल, मजकुराचा आकडा करणारं स्ट्रटोल, यांना लाँगच लागतो. आकडे छापणाऱ्या प्रिंटएफमधली सूचना एका आकाराची आणि व्हेरिएबल दुसऱ्या आकाराचं अशी नवी जोडपी तयार झाली असती.

तिसरा पर्याय कारखान्याच्या ईडीपीमधल्या, म्हणजे संगणक विभागातल्या, जुन्या साहेबांनी मांडला. रकमा डेटाबेसमधून मजकूर म्हणूनच आणायच्या आणि मग त्यांचा आकडा करायचा. बाइटांचा प्रश्नच मिटतो. वेग थोडा कमी होतो, पण पाच हजार बिलांना त्याचं काही वाटत नाही. हा पर्याय आम्ही मोडीत काढला नाही, तो काट्याच्या फाइलसाठी वापरला.

चौथा, जो निवडला: प्रोग्राम जिथे जिथे बाहेरच्या जगाला भेटतो, म्हणजे डेटाबेस आणि फाइल, तिथे आकार नावातच असलेले प्रकार वापरायचे. आतल्या साध्या मोजणीला इंट राहू दे. निवडण्याचं कारण असं की दोन्ही दोषांत सीमेपलीकडून लिहिणारा दुसराच होता. आपला कंपायलर लाँग किती बाइटांचा मानतो याची त्याला फिकीर नव्हती.

काय केलं

एक हेडर फाइल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला समान व्याख्या देणारी फाइल, बनवली. सी ९९ नं दिलेले इंट३२_टी आणि इंट६४_टी हे प्रकार जीसीसीवर सरळ मिळतात. काट्याच्या व्हिज्युअल सी++ ६ मध्ये ती हेडरच नाही, मायक्रोसॉफ्टनं ती २०१० च्या आवृत्तीत दिली. त्या जुन्या कंपायलरला लाँग लाँगही समजत नाही, त्यामुळे तिथे त्याचे स्वतःचे अंडरस्कोरवाले प्रकार वापरून तीच नावं तयार केली. हेडरच्या शेवटी आकारांची तपासणी घातली: आकार चुकला तर उणे लांबीचा अॅरे तयार होतो आणि कंपाइल तिथेच थांबतं. ही युक्ती जुनी आहे, पण दोन्ही कंपायलरवर चालते.

ओडीबीसीच्या प्रत्येक कॉलजवळ ओडीबीसीचेच प्रकार घेतले. चार बाइटांना एसक्यूएल-इंटिजर, आठ बाइटांना एसक्यूएल-बिगइंट, आणि लांबी व दर्शकांना नेहमी एसक्यूएल-लेन. सगळे कास्ट काढून टाकले आणि इशारा आला की बिल्ड थांबेल असा स्विच लावला. सर्व्हरवरच्या ड्रायव्हर मॅनेजरचा एसक्यूएल-लेन किती बाइटांचा आहे हे ओडीबीसीइन्स्ट ही आज्ञा जे स्विच देऊन चालवली की छापून येतं. ते पाहून कागदावर लिहून ठेवलं. काही जुने ड्रायव्हर ६४ बिटांतही चार बाइट धरून बांधलेले असतात, तेव्हा अंदाजावर राहणं बरं नाही.

मग रकान्यांचा आकार. शेतकऱ्याच्या एका बिलाला चार बाइट पुरतात. चार बाइटांत पैशांची कमाल मर्यादा २,१४,७४,८३६.४७ रुपये. पण दिवसाला सात हजार टन गाळप आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर दिवसाची रक्कम होते दोन कोटी दहा लाख. म्हणजे दोनशे टन ऊस जास्त आला की मर्यादा ओलांडली. जुन्या प्रोग्राममध्ये बेरजा डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारात होत्या म्हणून हे कधी दिसलं नाही. डबल २ च्या ५३ व्या घातापर्यंत पूर्णांक अचूक ठेवतो आणि तितके पैसे सगळ्या जिल्ह्यात मिळून होत नाहीत. पण नव्यानं लिहिलेल्या रोजच्या अहवालात बेरीज इंटमध्ये होती. ती कोड वाचताना सापडली, चाचणीत नाही, कारण चाचणीच्या एकाही दिवशी गाळप तेवढं नव्हतं. शेवटी रकमेचे सगळे रकाने आठ बाइटांचे, बिगइंट केले. ओळीमागे वाढणारे थोडे बाइट आजच्या डिस्कवर नगण्य आहेत. मात्र रकाना बिगइंट करून कोडमधलं बंधन चार बाइटांचंच ठेवलं तर नवा दोष तयार होतो. म्हणून प्रत्येक रकाना आणि त्याचं व्हेरिएबल यांची जोडी एकाच वेळी बदलली.

मोबाइल नंबरचा रकाना कुणीतरी इंटिजर ठेवला होता आणि तो रिकामाच होता. कारण उघड आहे: आपले मोबाइल नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, दहा अंकी असतात, आणि चार बाइटांत चिन्ह सोडून दिलं तरी ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जाता येत नाही. एकही नंबर बसत नाही. तो आणि बँक खाते क्रमांक मजकूर केले. ज्याची बेरीज करायची नाही आणि ज्याच्या सुरुवातीचं शून्य महत्त्वाचं आहे, ते पूर्णांकात घालायचंच कशाला?

काट्याची फाइल ठरलेल्या रुंदीच्या मजकुरात आली. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते म्हणून काट्यावरचे लोक खूश झाले.

निष्पत्ती

चाचणीसाठी खोटे शेतकरी तयार केले. त्यांच्या रकमा होत्या शून्य, वजा एक पैसा, २,१४,७४,८३६.४७, त्याच्यापुढचा एक पैसा, आणि नल. प्रत्येक कपातीला हे सगळे प्रकार लावले. जुना दोष परत घातला की चाचणी पडते का, तेही पाहिलं. पडली.

गाळप सुरू झाल्यावर पहिल्या दोन पंधरवड्यांची बिलं जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोग्राममधून काढली. दुसऱ्या पंधरवड्यात दोन बिलांत फरक आला. तो मात्र शेतकी विभागानं दर उशिरा बदलल्याचा निघाला. पैसे मुदतीत गेले. तिसऱ्या पंधरवड्यापासून जुना सर्व्हर बंद झाला.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीचा पंधरवडा सोयीचा निवडला होता, जुनी बिलं हाताशी होती म्हणून. मार्चअखेरचा घेतला असता तर जळीत कपात पहिल्याच छपाईत उघडी पडली असती. चाचणीला डेटा निवडताना शेतकी विभागाला विचारायला हवं होतं की सगळ्यात वाकडी बिलं कधीची असतात.

अकाउंटंटच्या आक्षेपाला पहिल्या दिवशी मिळालेलं उत्तर हा दुसरा मुद्दा. त्यांनी हट्ट केला नसता तर मोठा दोष दुरुस्त झाल्याच्या आनंदात दुसरा पुढे गेला असता. आता त्या ऑफिसात न जुळणाऱ्या पैशाला कारण लिहून दिल्याशिवाय चाचणी संपली असं धरत नाहीत.

३२ बिटांच्या पर्यायाबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. कायमचा तोडगा म्हणून तो चुकीचाच होता. पण पहिले दोन आठवडे जुळवाजुळवीला तो वापरला असता तर पोस्टग्रेसमुळे आलेले फरक आणि आकारामुळे आलेले फरक वेगळे करता आले असते. आम्ही कंपायलर, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे तिन्ही एकाच वेळी बदललं, त्यामुळे प्रत्येक चुकीला तीन संशयित होते.

रिकाम्या रकान्यांचा निर्णय अजून झालेला नाही. उचल न घेतलेल्याच्या नावापुढे नल ठेवायचं की शून्य? ईडीपीचे साहेब म्हणतात शून्य ठेवा, कटकट मिटेल. चीफ अकाउंटंट म्हणतात घेतली नाही आणि घेऊन फेडली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ऑडिटर विचारतात. मला अकाउंटंटचं म्हणणं पटतं, पण पुढच्या ऑफ-सीझनपर्यंत तो रकाना आहे तसाच ठेवायचं ठरलं आहे.